नेट परत आलं तरी टर्मिनल गोठलेलंच: टीमक्स सेशन आणि उलटा टनेल पुन्हा पुन्हा का अडकतात

मांडणी अशी धरू. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात एक रास्पबेरी पाय बोर्ड, म्हणजे छोटा लिनक्स संगणक, आहे. त्यावर कमांड लाइनवर चालणारा प्रोग्राम दर मिनिटाला कॉम्प्रेसर आणि ब्राइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) टाकीचं तापमान वाचतो, स्क्रीनवर दाखवतो आणि फाइलमध्ये लिहितो. कारखाना हर्णैला असो नाहीतर मालवणला, बघणारे लांब असतात. रत्नागिरीतला मेकॅनिक सेटिंग बदलतो, मुंबईतला मालक नुसता बघतो. कारखान्याच्या नेटला सार्वजनिक आयपी नाही, बाहेरून थेट शिरता येत नाही, म्हणून बोर्ड स्वतःहून भाड्याच्या व्हीपीएसकडे (इंटरनेटवरच्या सर्व्हरकडे) एसएसएचचा (लांबच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या सोयीचा) उलटा टनेल उघडतो, म्हणजे आतून बाहेर वाट करतो. बाकीचे त्या टनेलमधून आत शिरून टीमक्सच्या (टर्मिनल मागे चालू ठेवून अनेकांना दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) एकाच सेशनला जोडतात.

एप्रिलपर्यंत सगळं ठीक चालतं. वळवाचा पाऊस सुरू झाला, दिवसातून चार वेळा लाईट जाऊ-येऊ लागली की तक्रारी येतात. स्क्रीन गोठली. नेट आलं पण टनेल येत नाही. आत शिरता येतं पण प्रोग्राम बंद पडलाय. स्क्रीन एका कोपऱ्यात आक्रसली आणि बाकी सगळीकडे ठिपके. या चार तक्रारींची कारणं चार वेगळी आहेत. सगळ्यांना 'नेटचा प्रॉब्लेम' म्हणून बोर्ड बंद-चालू केला तर तेवढ्यापुरतं भागतं, पण कारण पुसलं जातं आणि पुढच्या आठवड्यात तीच तक्रार परत येते.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. मोठं अक्षर हवं तिथे 'कॅपिटल' म्हटलंय, कारण एसएसएचमध्ये लहान आणि कॅपिटल अक्षरांचे अर्थ वेगळे असतात.

आधी ठरवा, अडकलंय कुठे

स्क्रीन गोठली की खिडकी लगेच बंद करू नका. कंट्रोल-बी दाबून सोडा आणि डी दाबा. सेशनमधून बाहेर येऊन साधा प्रॉम्प्ट दिसला तर नेट, टनेल, एसएसएच सगळं जिवंत आहे. अडकलंय ते टीमक्सच्या आतलं. काहीच झालं नाही तर जोडणी मेलेली आहे. मग एंटर, टिल्ड, पूर्णविराम हे तीन क्रमाने दाबा. हा एसएसएचचा स्वतःचा बाहेर पडायचा मार्ग आहे आणि तो नेट नसतानाही चालतो. टिल्ड ओळीच्या सुरुवातीलाच असावा लागतो, म्हणून आधी एंटर. एका एसएसएचमधून दुसरं एसएसएच केलं असेल तर एक टिल्ड बाहेरचं तोडतो आणि दोन टिल्ड आतलं. या एका चाचणीने अर्धा गोंधळ संपतो, म्हणून ती कारखान्यातल्या माणसालाही शिकवून ठेवा.

जोडणी जिवंत असूनही स्क्रीन थांबली असेल तर दोन नेहमीची कारणं. पहिलं, कोणीतरी जुन्या नोंदी बघायला वर स्क्रोल केलं आणि तसंच सोडून दिलं. टीमक्सचा कॉपी मोड, म्हणजे वर स्क्रोल केलेली अवस्था, प्रत्येक पेनला (स्क्रीनच्या खणाला) एकच असतो, माणसागणिक वेगळा नसतो. रत्नागिरीत स्क्रोल केलं की मुंबईतही स्क्रीन थांबते. पेनच्या वर उजव्या कोपऱ्यात छोटे आकडे दिसत असतील तर तेच आहे, क्यू दाबा. प्रोग्राम मागे चालूच असतो, नुकसान काही नाही.

दुसरं कारण नुकसान करणारं आहे. सेव्ह करायच्या सवयीने कोणी कंट्रोल-एस दाबतं आणि टर्मिनल पुढचं आउटपुट रोखून धरतं. प्रोग्राम स्क्रीनवर लिहायला जातो आणि तिथेच ताटकळतो. आधी स्क्रीनवर आणि मग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्राम असेल तर फाइलमध्येही तेवढा वेळ कोरा राहतो. बर्फ वितळला आणि नोंदच नाही, अशी वेळ यातून येते. कंट्रोल-क्यू दाबलं की लगेच सुटतं. कायमचा उपाय म्हणजे बोर्डवरच्या बॅशआरसी फाइलमध्ये ही ओळ:

एसटीटीवाय -आयएक्सऑन

प्रोग्राम जोडणीला बांधू नका

सर्वांत जास्त नोंदी ज्या चुकीने बुडतात ती ही: एसएसएच करून थेट प्रोग्राम चालू करणं. जोडणी तुटल्याचं बोर्डवरच्या एसएसएचडीला (जोडण्या घेणाऱ्या एसएसएच सर्व्हरला) कळलं की टर्मिनल बंद होतं, प्रोग्रामला हँगअप सिग्नल जातो आणि तो मरतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीचा काळ मात्र लक्षात येत नाही. लाईट जाऊन मधला राउटर गप्प झाला तर जोडणी तुटल्याचा निरोप कोणालाच मिळत नाही. एसएसएचडी आउटपुट साठवत राहतो, जागा भरली की टर्मिनलमधून वाचणं थांबवतो, आणि प्रोग्राम मरत नाही तर लिहिता लिहिता अडकून बसतो. पीएसमध्ये (चालू प्रोग्रामच्या यादीत) तो जिवंत दिसतो, फाइल मात्र पुढे सरकत नाही.

टीमक्सने यातलं बरंच सुटतं, कारण टीमक्सचा सर्व्हर वेगळा असतो आणि बघणारे फक्त त्याला जोडलेले असतात. सेशन असेल तर जोडा, नसेल तर नवं करा, हे एकाच ओळीत होतं:

टीमक्स न्यू डॅश कॅपिटल-ए डॅश एस बर्फ

(सेशनचं नाव काहीही ठेवा, इंग्रजी अक्षरांत.) पण लाईट गेल्यावर टीमक्सही जातो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: नोंदी ठेवणारा प्रोग्राम सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप चालू ठेवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस म्हणूनच चालवा, रिस्टार्ट=ऑलवेज लावून. टीमक्समध्ये फक्त त्याची फाइल बघा, टेल डॅश कॅपिटल-एफ लावून. मग कंट्रोल-एस दाबलं काय किंवा सेशन मारलं काय, अडकतो तो टेल, नोंदी नाहीत. हाताने चालवायचे प्रोग्राम, सेटिंग बदलायचा मेनू वगैरे, तेवढे टीमक्समध्ये ठेवा.

लॉगआउट केलं की टीमक्सच गायब होत असेल तर लॉगइनडी डॉट कॉन्फ फाइलमधली किलयूजरप्रोसेसेस ही नोंद बघा. सिस्टमडीच्या २३० आवृत्तीपासून ती मुळात 'येस' आहे. डेबियन आणि उबंटू ती 'नो' ठेवतात, पण दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) असेल तर इथेच सापडेल. तिथे 'नो' करा.

टनेल परत येत नाही

खरी डोकेदुखी इथे आहे. लक्षण ओळखीचं: दुपारी लाईट गेली, दहा मिनिटांत आली, कारखान्यात मोबाइलवर व्हॉट्सअॅप चालतंय, पण टनेल बंद. मग दोनेक तासांनी कोणी काही न करता तो आपोआप सुरू होतो.

या दोन तासांचा हिशेब लागतो. लाईट गेली तेव्हा बोर्डला निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही. व्हीपीएसवरच्या एसएसएचडीला जुनी जोडणी अजून जिवंतच वाटते आणि त्याने पोर्ट २२२२, म्हणजे टनेलचं व्हीपीएसवरचं दार, धरून ठेवलेला असतो. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे तपासणारी सोय) मुळात ७२०० सेकंद शांतता असेल तरच विचारपूस सुरू करतो. मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारतो. म्हणजे साधारण २ तास ११ मिनिटं. मध्येच कोणी त्या पोर्टवर शिरायचा प्रयत्न केला तर पाठवलेल्या डेटाला उत्तर येत नाही आणि जोडणी १५ मिनिटांच्या आसपास मरते. कधी दोन तास, कधी पाव तास, हा लहरीपणा यातून येतो. तोवर बोर्ड नवी जोडणी करतो आणि त्याला उत्तर मिळतं: रिमोट पोर्ट फॉरवर्डिंग फेल्ड फॉर लिसन पोर्ट २२२२.

इथे आणखी एक खोड आहे. हा इशारा देऊनही एसएसएच बाहेर पडत नाही. जोडणी टिकते, टनेल मात्र नसतो. सिस्टमसीटीएल स्टेटस हिरवं दिसतं आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

उपाय दोन्ही टोकांना करायचा. एकच टोक सुधारलं तर निम्मंच काम होतं.

व्हीपीएसवर एसएसएचडी कॉन्फिगमध्ये:

क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३०
क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स ३

पहिल्याची मूळ किंमत ० असते, म्हणजे बंद. ३० आणि ३ केलं की मेलेली जोडणी दीड मिनिटात सुटते आणि पोर्ट मोकळा होतो. बदल केल्यावर आधी एसएसएचडी डॅश टी चालवून फाइल तपासा, मग रीलोड करा. आणि एक जोडणी उघडी ठेवूनच हे करा, नाहीतर एका चुकीच्या अक्षराने स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल.

बोर्डवर टनेलची सर्व्हिस लिहा. एक्झेकस्टार्टची ओळ अशी, सगळी एकाच ओळीत:

/यूएसआर/बिन/एसएसएच डॅश कॅपिटल-एन डॅश कॅपिटल-टी डॅश ओ बॅचमोड=येस डॅश ओ एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर=येस डॅश ओ सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=३० डॅश ओ सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स=३ डॅश कॅपिटल-आर २२२२:लोकलहोस्ट:२२, आणि शेवटी व्हीपीएसचं यूजरनेम व पत्ता

एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर हा यातला जीव. पोर्ट मिळाला नाही तर एसएसएच सरळ बाहेर पडतो आणि सिस्टमडी पुन्हा प्रयत्न करतो. सर्व्हिस विभागात रिस्टार्ट=ऑलवेज आणि रिस्टार्टसेक=२०, युनिट विभागात स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०, शिवाय वॉन्ट्स आणि आफ्टर दोन्हींत नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट.

रिस्टार्टसेक विसरू नका. ते लिहिलं नाही तर सिस्टमडी १०० मिलिसेकंदांनीच पुन्हा प्रयत्न करतो आणि १० सेकंदांत ५ वेळा अपयश आलं की सर्व्हिस कायमची सोडून देतो. कारखान्यात हे हमखास घडतं: लाईट आली की बोर्ड लवकर उठतो, फायबरचा ओएनयू (फायबर ज्यात येते तो डबा) आणि राउटर उठायला जास्त वेळ घेतात. तोवर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) चालत नाही, पाचही प्रयत्न क्षणात वाया जातात, आणि नंतर नेट आलं तरी टनेलला उठवणारं कोणी उरत नाही. लॉगमध्ये 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' दिसलं तर हेच समजा.

ऑटोएसएसएच (तुटलेलं एसएसएच पुन्हा जोडणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनाही हाच फटका दुसऱ्या रूपात बसतो. त्याचा गेटटाइम मुळात ३० सेकंद असतो. पहिली जोडणी तेवढ्याआत पडली की ऑटोएसएसएच स्वतःच बंद होतो. ऑटोएसएसएच अंडरस्कोर गेटटाइम=० ठेवा आणि डॅश कॅपिटल-एम ० देऊन वर दिलेल्या सर्व्हरअलाइव्हवर भरवसा ठेवा. सिस्टमडी असताना ऑटोएसएसएचची गरज मात्र आम्हाला वाटत नाही. एक राखणदार पुरे.

हाताने चालवलं तर टनेल लागतो, सर्व्हिसमधून लागत नाही, असं असेल तर सर्व्हिस कोणत्या यूजरच्या नावाने चालते ते बघा. त्या यूजरच्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये व्हीपीएसची ओळख नसेल तर 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' येतं. त्या यूजरने एकदा हाताने जोडून 'येस' म्हणावं लागतं.

आत्ताच पोर्ट अडलाय आणि थांबायला वेळ नाही? व्हीपीएसवर सुडो एसएस डॅश टीएलएनपी चालवा, २२२२ समोरचा एसएसएचडीचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) शोधा आणि तेवढाच मारा.

बाहेरून येताना व्हीपीएसवर पोर्ट जगासमोर उघडू नका. गेटवेपोर्ट्स मुळात बंद असतं, ते तसंच राहू द्या आणि डॅश कॅपिटल-जे लावून व्हीपीएसवरून उडी घ्या: पुढचा होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट २२२२. विंडोजवर पुटी असेल तर कनेक्शन विभागात कीपअलाइव्हचे सेकंद ० असतात, ते ३० करा. दुपारी जेवून आल्यावर 'सॉफ्टवेअर कॉज्ड कनेक्शन अबॉर्ट' दिसणं त्याने बहुतेक थांबतं.

राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून टनेल टाळायचा विचार असेल तर आधी राउटरच्या पानावर वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी आहे, आणि फॉरवर्डिंगचा काहीही उपयोग नाही.

टनेल लागतो, मोठं आउटपुट आलं की अडकतो

एलएस चालतं, डीमेसेज दिलं की गोठतं. किंवा एसएसएच डॅश व्ही लावलं की 'एक्सपेक्टिंग... केईएक्स ... रिप्लाय' अशा ओळीवर थांबतं. हा एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, दोष. पीपीपीओईवर (यूजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या ब्रॉडबँडवर) एमटीयू १४९२ असतो, १५०० नाही. बोर्डवरून तपासा:

पिंग डॅश कॅपिटल-एम डू डॅश एस १४६४, पुढे व्हीपीएसचा पत्ता

१४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १४९२. हे गेलं नाही तर आकडा कमी करत जा, गेला त्यात २८ मिळवा आणि तेवढा एमटीयू लावा. जुना बोर्ड अपग्रेड केल्यावरच हे सुरू झालं असेल तर त्यालाही कारण आहे: ओपनएसएसएच ९.० पासून (२०२२) की-एक्स्चेंज मुळात क्वांटम-सुरक्षित पद्धतीचं असतं आणि त्याच्या किल्ल्या मोठ्या असतात. आधी निसटून जाणारी पाकिटं आता अडतात.

टीमक्सच्या बारीक कटकटी

ठिपके म्हणजे कोणीतरी लहान स्क्रीनवरून जोडलंय, बहुधा मोबाइलवरून. नुसतं बघणाऱ्याने टीमक्स अटॅच डॅश आर डॅश टी बर्फ असं जोडावं. ३.२ आवृत्तीपासून डॅश आर लावणाऱ्याचा आकार मोजला जात नाही. विसरून राहिलेला जुना क्लायंट काढायला कंट्रोल-बी आणि कॅपिटल डी. यादी येते, हवा तो निवडून एंटर.

वेगवेगळ्या यूजरनी एकच सॉकेट (टीमक्स सर्व्हरला जोडायची फाइल) वापरायची मांडणी डेबियन १२ वर गेल्यावर बंद पडते. तिथे टीमक्स ३.३ए आहे आणि ३.३ पासून सॉकेटच्या फाइलला परवानगी देणं पुरत नाही. सर्व्हरच्या मालकाने टीमक्स सर्व्हर-अॅक्सेस डॅश ए आणि पुढे यूजरचं नाव, असं द्यावं लागतं.

जोडताना 'एरर कनेक्टिंग टू ... नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं पण पीएसमध्ये टीमक्स दिसतो, तेव्हा टीएमपी फोल्डरमधली सॉकेटची फाइल साफसफाईत उडालेली असते. नवा सर्व्हर चालू करू नका. जुन्या सर्व्हरच्या पीआयडीला किल डॅश यूएसआर१ द्या. तो सॉकेट परत बनवतो आणि सेशन जसंच्या तसं मिळतं.

डॅश आर ही सोय आहे, कुलूप नव्हे. त्याच यूजरने लॉगइन केलेला माणूस डॅश आर न लावता परत जोडू शकतो. मालकाच्या किल्लीला खरंच फक्त बघायची मुभा द्यायची असेल तर ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये किल्लीच्या आधी रिस्ट्रिक्ट, पीटीवाय आणि कमांड= हे तिन्ही लिहा; कमांडमध्ये वरची डॅश आरवाली ओळ.

मॉश (तुटक नेटवर टिकणारा, एसएसएचसारखा प्रोग्राम) हा अशा नेटवर फार चांगला पर्याय, पण तो ६०००० ते ६१००० मधला यूडीपी पोर्ट वापरतो आणि एसएसएचच्या उलट्या टनेलमधून जात नाही. मॉश हवा तर वायरगार्ड (व्हीपीएन) लावा, पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ सह. आणि मग घड्याळाची काळजी घ्या. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर घड्याळ नाही, ५ वर आहे पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. लाईट जाऊन आली की बोर्डची वेळ मागे पडते, आणि वायरगार्ड आधी पाहिलेल्यापेक्षा जुनी वेळ असलेली हँडशेक नाकारतो. सगळं ट्रॅफिक वायरगार्डमधूनच पाठवत असाल तर वेळ दुरुस्त करायला एनटीपीही (नेटवरून वेळ घेणारी सोय) पोचत नाही आणि दोन्ही एकमेकांची वाट बघत बसतात. डीएस३२३१चं घड्याळ बसवा, किंवा फक्त वायरगार्डचं स्वतःचं नेटवर्क त्यातून जाऊ द्या.

दमट हवा आणि लाईट

हे सगळं नीट करूनही जोडणी तासातासाला पडत असेल तर व्हीसीजीईएनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड चालवा. ०एक्स० हवं. ०एक्स५०००० म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून व्होल्टेज कमी पडून गेलंय. अडॅप्टर किंवा वायर बदला. बोर्ड वायफायवर असेल तर पॉवर सेव्ह बंद करा, शक्य तर वायरच टाका. त्या वायरीचा आरजे-४५ जॅक काढून धातूच्या पट्ट्या बघा. खाऱ्या हवेने त्या हिरवट झाल्या की लिंक १०० वरून १० वर येते किंवा येत-जात राहते. पुसत बसू नका, जॅक नवा क्रिम्प करा. जुलैत चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, तेव्हा डबा भिंतीला न चिकटवता फळीवर, वायरी खालच्या बाजूने आत येतील असा ठेवा. छोटा डीसी यूपीएस लावताना ओएनयू आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. नुसता बोर्ड जागा राहून काही होत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखी वेळ आली तर यूपीएस पुरणार नाही, म्हणून लाईट आल्यावर कोणाचाही हात न लागता सगळं उठतंय का, याची परीक्षा मे महिन्यातच घ्या.

परीक्षा तीन प्रकारे. ओएनयूची फायबर नव्हे, राउटरची लॅन वायर दोन मिनिटं काढा आणि परत लावा: टनेल दोनेक मिनिटांत यायला हवा. मग फक्त राउटरची लाईट दहा मिनिटं बंद करा. शेवटी सगळ्याची एकदम. पण याआधी चालू एसडी कार्डाची नक्कल काढून ठेवा, कारण असं अचानक बंद करण्यानेच कार्डं खराब होतात. प्रत्येक वेळी जर्नलसीटीएल डॅश यू आणि टनेल सर्व्हिसचं नाव देऊन किती प्रयत्नांनंतर जोडलं ते बघा, आणि तापमानाच्या फाइलमध्ये एखादं मिनिट गाळलं गेलंय का तेही. पहिल्या दोन परीक्षांत एकही गाळलेलं चालणार नाही.